उलट्या दाताचा नियम

कवळीचे दात निवडायचे एक सूत्र दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अजूनही शिकवले जाते. वरचा मधला पटाशीचा दात उलटा धरा, त्याची बाह्यरेषा चेहऱ्याच्या बाह्यरेषेशी जुळेल. चौकोनी चेहऱ्याला चौकोनी दात, निमुळत्याला निमुळता, लंबगोलाला लंबगोल. ही वाटणी १९१४ साली जे. लिऑन विल्यम्स यांनी मांडली आणि तिच्या बेताने ‘ट्रुबाइट’ नावाचे कृत्रिम दात बाजारात आले. त्याआधी माणसाची प्रकृती रक्तप्रधान की पित्तप्रधान हे ठरवून दात निवडत. त्या ठोकताळ्याला विल्यम्स यांनी शह दिला, हे श्रेय त्यांचेच. हरकत आहे ती दुकानदारीच्या सोयीला निसर्गनियम म्हणण्याला.

हा दात घडतो कधी ते पाहा. त्याचे इनॅमल बाळ तीन-चार महिन्यांचे असताना धरू लागते आणि चार-पाच वर्षांत पुरे होते. सातव्या-आठव्या वर्षी दात हिरडीबाहेर येतो तेव्हा त्याचा घाट ठरून गेलेला असतो. पुढे तो फक्त झिजतो. चेहऱ्याचे तसे नाही. खालचा जबडा मिसरूड फुटल्यावरही वाढत राहतो, मग गाल भरतात, उतरतात, कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते. मग नियम कोणत्या वयाच्या चेहऱ्याला लावायचा? शिवाय कवळी मागायला येणाऱ्याचे दातच गेलेले. हाड झिजून नाकाखालचा चेहरा आखडलेला. नेमका तोच चेहरा मापाला घ्यायचा!

दात आणि चेहरा दोन्ही आईबापांकडूनच येतात, तेव्हा ते जुळणारच, असे पूर्वपक्ष म्हणेल. नाक आणि पायाचा अंगठाही तिथूनच येतात. युक्तिवाद बाजूला ठेवला तरी पडताळणी उरतेच. १९७८ मध्ये बेल यांनी आणि १९८० मध्ये मावरोस्कुफिस व रिची यांनी ती केली, आणि सूत्राला आधार मिळाला नाही. मुळात चौकोनी कुठे संपते आणि निमुळते कुठे सुरू होते, हेच कुणी नक्की सांगत नाही.

‘पण रुग्णाला ते शोभते ना?’ शोभत असेल तर जरूर बसवावे. ती आवडीची बाब झाली. निवडीसाठी मात्र सूत्राऐवजी रुग्णाचा दात असतानाचा हसरा फोटो मागावा. जुन्या फोटोंत आपल्याकडे कुणी हसत नाही, ही अडचण खरीच. मग सख्ख्या भावंडांचे दात पाहावेत. मेणात दात मांडून रुग्णाला आरशासमोर बोलू द्यावे, घरच्यांनाही बोलवावे, आणि मेण मऊ आहे तोवर दात बदलावेत.