नागपूरच्या गादीचे वारस

धंतोलीतून सीताबर्डीची टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. नोव्हेंबर १८१७ च्या २६ व २७ तारखांना त्या टेकडीवर जी लढाई झाली, तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. नागपूरचे राज्य त्या दिवशी बुडाले, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. लढाईने राज्याचे बळ खचले, हे खरे. परंतु राज्य गेले ते सदतीस वर्षांनी, इ. स. १८५४ मध्ये, एकही गोळी न सुटता. ते गेले वारसाच्या प्रश्नावर. आणि हा प्रश्न भोसल्यांच्या घरात त्या वर्षी प्रथमच उपस्थित झाला नव्हता. घराण्याच्या आरंभापासून तो उंबरठ्यावर बसून होता. त्याचीच कुळकथा आज मांडावयाची आहे.

प्रथम मुळापाशी जाऊ. शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा त्यांना अगदी आरंभी येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. त्या निष्ठेचे फळ म्हणून भोसल्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि वऱ्हाडाकडील अधिकार लाभला. परसोजींच्या मागून त्यांचे पुत्र कान्होजी आले. कान्होजींना बराच काळ संतान नव्हते, म्हणून त्यांनी भाऊबंदांपैकी रघूजी या मुलाला पुत्राप्रमाणे वाढविले. पुढे कान्होजींना औरस पुत्र झाला आणि रघूजींचे घरातले स्थान डळमळले. रघूजी घराबाहेर पडले. त्यांनी देवगडच्या गोंड राजाच्या व एलिचपूरच्या नबाबाच्या पदरी दिवस काढले. आणि अखेर शाहू महाराजांची मर्जी संपादून कान्होजींवरच चालून आले. कान्होजी कैद झाले, सरंजाम रघूजींकडे आला. मानलेला मुलगा, उशिरा झालेला औरस, आणि निवाडा करणारा वरचा धनी, ही तीन पात्रे आपण ध्यानात ठेवावी. पुढल्या प्रत्येक अंकात वेष बदलून तीच रंगभूमीवर येतात.

नागपूर शहर मुळात भोसल्यांचे नव्हे. ते वसविले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदाने, अठराव्या शतकाच्या प्रारंभी. त्याचा मुलगा चांद सुलतान याने येथे राजधानी आणली. तो वारल्यावर वली शाहाने गादी बळकावली, आणि विधवा राणी रतन कुंवर हिने आपल्या अल्पवयी मुलांसाठी वऱ्हाडातून रघूजींना साहाय्यास बोलाविले. रघूजी आले, वली शाहाचा मोड केला, अकबर शाह व बुऱ्हाण शाह या दोन्ही मुलांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन परत गेले. राणीने त्यांना तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा वाटा दिला, अशीही हकीगत सांगतात. पुढे दोघे भाऊ भांडू लागले. थोरल्या बुऱ्हाण शाहाने पुन्हा रघूजींना बोलाविले. या खेपेस मात्र रघूजी परत गेले नाहीत. अकबर शाह निजामाच्या आश्रयास गेला. बुऱ्हाण शाह नावाचा राजा राहिला, आणि कारभार, फौज व वसूल भोसल्यांच्या हाती गेला. गोंड राजाचा मान मात्र त्यांनी राखला. त्याला नेमणूक दिली, किताब राहू दिला.

म्हणजे नागपूर भोसल्यांकडे आले ते एका परक्या घरातील वारसाचा तंटा मिटविण्याच्या निमित्ताने. पंच म्हणून बोलाविलेला मनुष्य घरचा धनी झाला. यात रघूजींची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी सारेच असे वागत. परंतु ही रीत आपण ओळखून ठेवू, कारण ती पुढे याच घरावर उलटावयाची होती.

थोरले रघूजी फेब्रुवारी १७५५ मध्ये निवर्तले. बंगालपर्यंत ज्यांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या आणि ओरिसा ज्यांच्या सत्तेखाली आला, त्या पुरुषाच्या मागे चार मुलगे होते : जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. जानोजी वयाने वडील, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. वय मोठे की आईचा मान मोठा? या साध्या प्रश्नाला उत्तर देणारा लेखी नियम नव्हता. मग दोन्ही पक्षांनी पुण्याकडे धाव घेतली. पेशव्यांनी सेनासाहेबसुभा हे पद जानोजींना दिले; मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ हा किताब आणि चांदा दिला; साबाजींना वऱ्हाडातील दारव्हा आणि बिंबाजींना छत्तीसगड मिळाले. निवाडा समंजस होता, असे वरवर दिसते. परंतु एका राज्याच्या चार चुली झाल्या, आणि नागपूरचा धनी कोण, हे पुण्यास ठरते, असा पायंडा पडला.

जानोजींना मूल नव्हते. त्यांनी धाकटा भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघूजी यास वारस करावयाचे ठरविले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांची त्यास संमती मिळविली. मे १७७२ मध्ये जानोजी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवरावही गेले. ज्याच्या शब्दावर व्यवस्था उभी होती तो शब्दच नाहीसा झाला. जानोजींच्या पत्नी दर्याबाई साबाजींच्या बाजूस गेल्या. पुण्यात एक पक्ष साबाजींना सनद देई, राघोबादादा मुधोजींचा पक्ष घेत. पुण्यातील कारस्थान जसे फिरे, तशी नागपूरची गादी फिरू लागली. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगावच्या मैदानात दोघे भाऊ समोरासमोर आले. लढाई साबाजींच्या बाजूने झुकली होती. विजय हाती आला असे समजून ते मुधोजींच्या हत्तीपाशी गेले आणि शरण येण्यास सांगू लागले. तोच मुधोजींनी पिस्तूल झाडले आणि साबाजी ठार झाले, असे सांगतात. अल्पवयी रघूजी सेनासाहेबसुभा झाले. बापाने मुलाची गादी भावाच्या रक्ताने पुसून दिली. मुधोजींनी पुढे १७८८ पर्यंत कारभार पाहिला.

दुसरे रघूजी दीर्घकाळ राज्य करून मार्च १८१६ मध्ये वारले. मध्यंतरी १८०३ साली असई व अडगाव येथे पराभव होऊन देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला होता. त्यांचा मुलगा परसोजी औरस होता, वारसाबद्दल वाद नव्हता. पण तो शरीराने पंगू व कारभारास असमर्थ होता. मग प्रश्न उभा राहिला : कारभार कोणी पाहावयाचा? राणी बाकाबाई एका बाजूस, तर चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूस. आता पुण्याकडे पाहण्यात अर्थ नव्हता. नवा पंच सीताबर्डीच्या रेसिडेन्सीतच राहत होता. आप्पासाहेबांनी आपला अधिकार पक्का करण्यासाठी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जो तह थोरल्या पराभवानंतरही दुसऱ्या रघूजींनी हयातभर टाळला, तो घरातल्या चढाओढीने दोन महिन्यांत घडवून आणला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. त्यांचा गळा आवळला गेला, असा संशय आप्पासाहेबांवर आला. त्यानंतरचा सीताबर्डीचा संग्राम, आप्पासाहेबांची अटक, वाटेतून निसटणे आणि अखेर १८४० मध्ये दूर जोधपुरात मरण, हे सर्वश्रुत आहे.

१८१८ साली गादी रिकामी झाली, तेव्हा इंग्रजांनी काय केले? त्यांनी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा नावाचा सुमारे दहा वर्षांचा बालक, पुढे आणला. त्याला भोसल्यांच्या घरात दत्तक घेण्यात आले, तिसरे रघूजी हे नाव देण्यात आले आणि जून १८१८ मध्ये तो गादीवर बसला. पुढे आठ वर्षे रेसिडेंट जेन्किन्स कारभार पाहत होता. हे नीट लक्षात घ्यावे : कन्येचा पुत्र आणि दत्तक, या दोन्ही गोष्टी इंग्रजांस त्या वर्षी मान्य झाल्या होत्या.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांनी दत्तक घेतला नव्हता. रेसिडेंट मॅन्सेलने घराणे चालू ठेवावे असे सुचविले. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो याने विरोध नोंदविला. परंतु गव्हर्नर-जनरल डलहौसीने जानेवारी १८५४ मध्ये निकाल लिहिला. त्याचा युक्तिवाद असा : १८१७ च्या युद्धाने हे राज्य आमचे झाले, १८१८ मध्ये आम्ही ते देणगी म्हणून दिले, घेणाऱ्याला वारस नाही, तेव्हा देणगी देणाऱ्याकडे परत आली. राण्यांनी यशवंतराव अहिरराव यास दत्तक घेऊन जानोजी हे नाव दिले. तो दत्तक राज्यापुरता अमान्य झाला. सुमारे ८०,००० चौरस मैलांचा मुलूख खालसा झाला, राजवाड्यातील जडजवाहीर लिलावास निघाले. पुढे जानोजींना ‘राजेबहादूर’ हा किताब व देऊर गाव मिळाले. बुऱ्हाण शाहाला भोसल्यांनी जे दिले होते, तेच भोसल्यांच्या वाट्यास आले : नेमणूक आणि नाव.

डलहौसीचा युक्तिवाद पुष्कळांस केवळ पाश्चात्त्य कावा वाटतो. त्याच्या मुळाशी युरोपातील एक जुनी कल्पना आहे. तेथील मध्ययुगीन सरंजामशाहीत जहागीर ही राजाने दिलेली वस्तू. वंश खुंटला की ती राजाकडे परतावयाची. बर्गंडीचा चार्ल्स १४७७ साली नान्सीच्या रणांगणावर पुत्राविना पडला, तेव्हा फ्रान्सच्या अकराव्या लुईने बर्गंडीची डची याच आधारावर गिळली. त्या व्यवस्थेत दत्तकाला जवळजवळ स्थानच नव्हते. आमच्याकडे दत्तक हा पिंडाचा, धर्माचा विषय. तो औरसासारखाच घराचा. दोन कायद्यांची गाठ पडली आणि ज्याच्या हाती तोफा, त्याचा कायदा चालला.

पण त्याच युरोपात याहून निराळेही घडले आहे. २ मार्च १९२७ च्या बरोबर ८०० वर्षे आधी, म्हणजे ११२७ साली, फ्लँडर्स परगण्याचा काउंट चार्ल्स ब्रूज शहरातील चर्चमध्ये प्रार्थना करीत असता मारला गेला. त्यालाही मूल नव्हते. फ्रान्सचा राजा सहावा लुई धावून आला आणि त्याने विल्यम क्लिटो यास काउंट केले. त्याने शहरांना सनदा दिल्या, शपथा घेतल्या आणि पुढे मोडल्या. तेव्हा सेंट-ओमेर, लिल, गेंट ही शहरे उठली. गेंटच्या नागरिकांतर्फे एका सरदाराने काउंटला तोंडावर सांगितले की, सरदार, धर्मगुरू आणि शहाणे नागरिक यांच्या सभेपुढे या आणि न्याय होऊ द्या. ब्रूजच्या लोकांनी राजाला कळविले की, आमचा काउंट कोण असावा, हे ठरविणे तुमचे काम नव्हे. त्यांनी जुन्या काउंटाच्या मुलीचा मुलगा थिएरी यास बोलाविले. ११२८ मध्ये क्लिटो युद्धात जखमी होऊन मेला, राजाने मुकाट्याने थिएरीला मान्यता दिली आणि त्याने ११६८ पर्यंत राज्य केले. गाल्बेर नावाच्या ब्रूजच्या एका कारकुनाने हे सारे लिहून ठेवले आहे.

दोन्हीकडे निपुत्रिक धनी, दोन्हीकडे वरचा सत्ताधीश, दोन्हीकडे मुलीकडचा वारस. फरक कोठे पडला? तेथे एक चौथे पात्र रंगभूमीवर आले : शहर. विणकर, व्यापारी, कारकून यांना वाटले की गादीवर कोण बसतो हा आपलाही प्रश्न आहे, आणि ते बोलले. आमच्याकडे दीडशे वर्षांत राण्या बोलल्या, भाऊ बोलले, पेशवे बोलले, रेसिडेंट बोलले. इतवारीचा सराफ, महालातला कोष्टी, वर्धेकाठचा कुणबी यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांचे मत ऐकावयाची जागाही कोणी ठेवली नव्हती. म्हणून १८५४ साली जाहीरनामा निघाला तेव्हा वाड्यातील हुंदके वाड्यातच राहिले.

वारस नसल्यामुळे राज्य गेले, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. आमच्या मते वारस नेहमीच होते. कधी एकाच्या ठिकाणी दोन होते. नव्हता तो सर्वांना मान्य असा नियम, आणि नियम मोडल्यास विचारणारे लोक. घरचा तंटा घरात मिटत नाही, म्हणून जो तो बाहेरचा पंच शोधी. रतन कुंवरने रघूजी शोधले, जानोजींनी पेशवे शोधले, आप्पासाहेबांनी रेसिडेंट शोधला. पंच प्रत्येक वेळी अधिक बलवान आणि अधिक दूरचा होत गेला, आणि शेवटचा पंच घराच्या किल्ल्या घेऊन गेला.

आता गाद्या राहिल्या नाहीत. पण संस्था आहेत, मंडळे आहेत, पक्ष आहेत, आणि त्यांतही एक पिढी उठून दुसरी बसावयाची असते. बसणाराचा हक्क कोणत्या नियमाने ठरला, आणि तो ठरविताना ज्यांच्यावर त्याचा अंमल चालावयाचा त्यांना विचारले काय, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी मोठ्याने विचारले गेले, तर पाचगावच्या मैदानाचा आणि १८५४ च्या जाहीरनाम्याचा धडा नागपूरकरांनी वाचला, असे म्हणता येईल.