पुरंदरावरील एक प्रसूति

इ. स. १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस शनवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव ह्यांच्या हातीं सत्ता गेली. परंतु नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर असल्याची वार्ता लवकरच पसरली आणि साऱ्या राजकारणाचा डाव त्या एका विधवेच्या प्रकृतीवर येऊन ठेपला. पुत्र झाला तर पेशवाई त्याची. कन्या झाली किंवा गर्भ जगला नाहीं, तर ती रघुनाथरावांकडेच राहणार!

सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदि बारभाईंनीं हें ओळखलें. १७७४ च्या जानेवारींत त्यांनीं गंगाबाईंस पुरंदरावर नेलें. सोबत भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. रक्षणास गड सोयीचा खरा. पण तटाआड काय चाललें आहे हें दिसेना, म्हणून कुजबूज वाढली. गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर आणून ठेविल्या आहेत, कन्या झाल्यास अदलाबदल होणार, अशा कंड्या पिकल्या. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला. तेच सवाई माधवराव.

तरीहि शंका मिटली नाहीं. वस्तुतः खुनापासून जन्मापर्यंत २३१ दिवस होतात. नऊ महिने नऊ दिवसांच्या हिशेबांत हें सहज बसतें. पण अफवा हिशेबानें चालत नाहीं, कोणाच्या तरी सोयीनें चालते. श्रोत्यांस इंग्लंडांतील प्रसंग आठवेल. १६८८ च्या जूनमध्यें दुसऱ्या जेम्सची राणी मेरी हिला पुत्र झाला, तेव्हां बिछाना ऊबविण्याच्या भांड्यांतून परक्याचें मूल आणल्याची हूल उठली. राजानें साक्षी नोंदविल्या. तरी वर्षअखेर त्यास देश सोडावा लागला.

पेशवाईच्या वादाची झळ कोंकणासहि लागली. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें रघुनाथरावांनीं साष्टी व वसई त्यांस देऊं केली. भिवंडी-कल्याणच्या वेशीशीं परकी सत्ता येऊन बसली. पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहांतहि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

ह्या गोंगाटांत गंगाबाईंच्या सुखदुःखाची विचारपूस कोणीं केली? १७७२ मध्यें त्यांच्या जाऊबाई रमाबाई थेऊरास सती गेल्या होत्या. गर्भवतीस सहगमन वर्ज्य. म्हणून गंगाबाईंच्या वांट्यास गड आणि पहारा आला. १७७७ मध्यें, मूल अवघें तीन वर्षांचें असतां, त्या वारल्या. त्या मृत्यूच्या कारणाविषयींहि लोकांनीं तर्कच लढविले. राज्यास वारस मिळाला. त्याच्या आईस मात्र लोकांच्या जिभेपासून मरणानेंहि सुटका मिळाली नाहीं.