हॉटेल कॅलिफोर्निया, व्हाया बडनेरा

अमरावती-अकोल्यात गिटार शिकणारं पोर आधी 'चुरा लिया है' बसवतं, आणि मग कधीतरी सरांपुढे मोबाइल धरून म्हणतं, "सर, हे शिकवा." पुष्कळदा ते गाणं 'हॉटेल कॅलिफोर्निया' असतं. शिकवणाऱ्याने नाही म्हणू नये. सुट्या तारा छेडणं, तार ताणून सूर चढवणं, दोन गिटारींनी जोडीने वाजवणं, एवढं सगळं त्या एका गाण्यात आहे. यातली एकेक गोष्ट आली कुठून, हे शोधत गेलं की वाट बडनेरा स्टेशनावरून जाते.

ईगल्स या अमेरिकी बँडचा याच नावाचा अल्बम डिसेंबर 1976 मध्ये आला. चाल गिटारवादक डॉन फेल्डर यांची. मालिबूच्या समुद्रकिनारी भाड्याच्या घरात त्यांनी ती टेप केली. गायक डॉन हेन्ली यांच्या गळ्याला ती पट्टी मानवेना, म्हणून पट्टी बदलली. बोटांची ठेवण तीच राहावी म्हणून फेल्डर यांनी सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या कानात मात्र 1994 च्या 'हेल फ्रीझेस ओव्हर'मधलं, नायलॉनच्या तारांवर सुरू होणारं रूप बसलेलं आहे.

सुरुवातीला आठ कॉर्ड येतात, एकेक तार सुटी वाजवत. त्यात काय दडलंय ते गिटारपेक्षा पेटीवर लवकर कळतं. गुरुकुंज मोझरीच्या खंजिरी भजनांनी वऱ्हाडात गावोगावी पेटी नेली, तेव्हा ती शोधायला लांब जावं लागत नाही. पांढरी सात सा धरा. आता एकही पट्टी न गाळता खाली या: काळी पाच, पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन. म्हणजे सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. पहिल्या सहा कॉर्डांच्या पोटात हीच उतरंड आहे, प्रत्येक कॉर्डात एक पायरी. पिलूत दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत येतात, पण असे लागोपाठ, एकामागून एक नाहीत. गाण्याची उदासी मला तरी या उतरंडीतच ऐकू येते. शब्द नंतर येतात.

ही उतरंड ईगल्सची नव्हे. सतराव्या शतकात युरोपात शोकगीतांच्या खर्जात ती ठरून गेलेली होती. हेन्री पर्सेल यांच्या 'डायडो अँड एनियस'मध्ये मरणाच्या दारातली राणी याच सुरांवर गाते. रॉकमध्ये ईगल्सच्या आधी जवळजवळ हीच कॉर्डांची रांग जेथ्रो टल या इंग्रज बँडच्या 1969 च्या 'वुई यूज्ड टू नो'मध्ये येते, ताल तेवढा तीनचा. 1972 मध्ये ईगल्सनी टलच्या कार्यक्रमांत त्यांच्या आधी वाजवलं होतं. टलचे इयन अँडरसन यांनी याला चोरी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तिफणीच्या मुलखात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: या बँडने नाव घेतलं ते 1701 मध्ये पेरणीयंत्र बनवणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याचं.

आता शेवटचा सोलो. तिथे तार बोटाने वर ढकलून सूर चढवायचा असतो, म्हणजे बेंड. सतारीवर तार खाली ओढून मींड घेतात, तिचाच हा भाऊ. सतारीच्या एका पडद्यावर चार-पाच सूर निघतात, गिटारवर साधारण एक-दीड. पण कसरत कानाची आहे: सूर नेमका कुठे थांबवायचा? भजन ऐकत वाढलेल्या पोराला ते लवकर कळतं, असं माझं मत आहे.

बेंडची वंशावळ सरळ नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग सांगत की नात्यातले बुक्का व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवत. ते आपल्याला जमेना, म्हणून आपण बोटाने तार हलवून तसा आवाज काढू लागलो. त्या सरकत्या वादनामागे आफ्रिकेतून आलेली एकतारी वाद्यं आहेत आणि हवाई बेटंही. 1889 च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तिथे तारेवर पोलाद सरकवायला सुरुवात केली. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिका या आवाजाने वेडी झाली. त्याचीच दुसरी फांदी कलकत्त्यात रुजली. हवाईयन गिटारवादक ताऊ मो 1940 च्या दशकात तिथे राहिले, त्यांनी शिकवलं. पुढे हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी घरोघरी पोचवली, आणि ब्रिजभूषण काब्रांनी 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त तिच्यावर राग मांडला.

हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्ग बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव असा जातो. त्याच्या हावड्याकडच्या टोकाला हवाईयन गिटार, आणि गिवसन, हॉबनर या कलकत्त्याच्या स्वस्त गिटारी. मुंबईच्या टोकाला नोटेशन वाचणारे गोव्याचे वादक, 'दम मारो दम'ला गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग, आणि 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव. वऱ्हाड अधल्या-मधल्या स्टेशनांवर आहे, आणि दोन्हीकडचं इथे पोचलं.

स्वस्त गिटारीला इथला उन्हाळा सोसत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं पट्टीबाहेर येतात आणि बोट सरकवलं की खरचटतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून तारा वर उचलतं. बेंड करायला दुप्पट जोर लागतो. सातव्या फ्रेटवर कॅपो लावला की सुराचा तोल गेलेला लगेच ऐकू येतो. मुलाला वाटतं आपलं चुकतंय, आणि चूक असते गिटारीची. शिकवणाऱ्याने आधी गिटार तपासावी. मे महिन्यात ती कव्हरमध्ये ठेवावी, कूलरच्या झोतासमोर कधीच नाही.

रेकॉर्डवरून शिकणं कमीपणाचं मानणाऱ्यांना फेल्डर यांची हकिगत सांगावी. मायामीच्या स्टुडिओत ते आणि बँडचे दुसरे गिटारवादक जो वॉल्श सोलो उत्स्फूर्तपणे वाजवू लागले, तेव्हा हेन्ली यांनी थांबवलं. टेपवर आहे तसाच हवा. टेप घरी राहिलेली. मग फेल्डर यांनी घरी फोन लावला, घरकाम करणाऱ्या बाईंनी रिसीव्हर टेपपाशी धरला, आणि स्वतःचाच सोलो ते फोनवर ऐकून पुन्हा शिकले.

त्या सोलोच्या शेवटी दोन्ही गिटारी एकत्र येतात. एक कॉर्डचे सूर तोडून उतरते, दुसरी त्याच कॉर्डमधला शेजारचा सूर धरून तिच्यासोबत. एक सा वर असताना दुसरी कोमल ग वर. एका वेळी एकच सूर ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे सगळ्यात अवघड जातं. जोडीदार नसला की मुलं एक बाजू मोबाइलवर रेकॉर्ड करून तिच्यावर दुसरी वाजवतात. चालतं तेही. पण दोघं समोरासमोर बसले की कोण घाई करतोय ते तिसऱ्या कॉर्डलाच उघड होतं, आणि मग दोघंही वाजवायचे थांबून एकमेकांचं ऐकू लागतात.