विली ओरी : पंचेचाळीस सामन्यांपलीकडची कारकीर्द

नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या उत्तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेत खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून कॅनडाच्या विली ओरी यांची क्रीडा-इतिहासात नोंद आहे. या स्पर्धेत बोस्टन ब्रुइन्स संघाकडून ते अवघे ४५ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी ४ गोल केले. नोंदवहीतील या आकड्यांवरून त्यांच्या खेळाची पुरती कल्पना येत नाही. ओरी यांची व्यावसायिक कारकीर्द दोन दशकांहून अधिक काळाची आहे आणि ती सारी त्यांनी एका डोळ्याच्या आधारे पार पाडली.

ओरी यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ रोजी न्यू ब्रन्सविक प्रांतातील फ्रेडरिक्टन येथे झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटका करून घेऊन कॅनडात आले होते. बर्फावरील हॉकीबरोबरच ओरी बेसबॉलही उत्तम खेळत. १९५६ मध्ये मिलवॉकी ब्रेव्हज या बेसबॉल संघाने त्यांना निवड चाचणीसाठी जॉर्जिया राज्यात बोलावले. गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी सर्वत्र वेगळी व्यवस्था असलेल्या दक्षिणेतील त्या वास्तव्यानंतर ते मायदेशी परतले आणि त्यांनी हॉकीचीच निवड केली.

मात्र त्याच सुमारास, १९५५-५६ च्या हंगामात, ऑन्टारिओतील किचनर येथील कनिष्ठ संघाकडून खेळताना त्यांच्या चेहऱ्यावर पक, म्हणजे आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरली जाणारी कठीण रबरी चकती, वेगाने आदळली. नाक व गालाचे हाड मोडले आणि उजव्या डोळ्याची सुमारे ९५ टक्के दृष्टी गेली. आता खेळणे विसरावे, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. ओरी काही आठवड्यांतच पुन्हा बर्फावर उतरले. एका डोळ्याने अंध असलेल्या खेळाडूस एनएचएलच्या नियमांनुसार प्रवेश नव्हता. त्यामुळे जवळच्या मोजक्या व्यक्तींखेरीज त्यांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नाही.

या दुखापतीचे गांभीर्य समजण्यासाठी त्यांची मैदानावरील जागा लक्षात घ्यावी लागते. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीवीर. आघाडीच्या मध्यभागी सेंटर आणि दोन्ही बाजूंना विंगर खेळतात. ओरी डावे विंगर होते. डाव्या कडेने पुढे सरकणाऱ्या खेळाडूच्या उजव्या हाताला सारे मैदान असते. सहकाऱ्यांचे पास आणि प्रतिस्पर्ध्यांच्या धडका त्याच बाजूने येतात. ओरी यांचा अधू डोळा नेमका उजवा. पक दिसावी म्हणून त्यांना मान पूर्ण वळवून उजव्या खांद्यावरून पाहावे लागे.

अशा स्थितीत क्वेबेक एसेस संघातून त्यांनी व्यावसायिक खेळास प्रारंभ केला. १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन संघाने खेळाडूंच्या कमतरतेमुळे त्यांना माँट्रियल येथे पाचारण केले. बोस्टनने माँट्रियल कॅनेडियन्सचा ३-० असा पराभव केला. जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. ओरी यांच्या पदार्पणाकडे तितके लक्ष गेले नाही. त्या हंगामात त्यांच्या वाट्यास दोनच सामने आले.

१९६०-६१ मध्ये ते बोस्टनकडून ४३ सामने खेळले. १ जानेवारी १९६१ रोजी माँट्रियलविरुद्ध त्यांनी पहिला गोल केला, तेव्हा बोस्टनच्या प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. अन्य शहरांत मात्र त्यांना वर्णद्वेषी शिवीगाळ सहन करावी लागली. शिकागो येथील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने स्टिकचा दांडा तोंडावर मारून त्यांचे दात पाडले. ओरी यांनीही स्टिकनेच उत्तर दिले.

हंगाम संपल्यावर बोस्टनने त्यांना माँट्रियलकडे सोपवले. एनएचएलमध्ये त्या वेळी केवळ सहा संघ होते आणि सलग पाच वेळा स्टॅन्ली चषक जिंकलेल्या माँट्रियलमध्ये नवोदितास जागा मिळणे दुरापास्त होते. अखेर ओरी वेस्टर्न हॉकी लीगमधील लॉस एंजलिस ब्लेड्स संघात दाखल झाले.

तेथेच त्यांच्या खेळास निर्णायक वळण मिळाले. प्रशिक्षकांनी त्यांना डावीकडून उजव्या बाजूस हलवले. आता सारे मैदान चांगल्या, डाव्या डोळ्यासमोर आले. ते डावखुरे असल्याने येणारे पास स्टिकच्या उलट्या बाजूने घ्यावे लागत. पण पक दिसू लागली होती. १९६४-६५ मध्ये त्यांनी ३८ गोल केले आणि सॅन दिएगो गल्सकडून १९६८-६९ मध्ये पुन्हा तेवढेच. गुपित राखल्यामुळे त्यांची कारकीर्द वाचली होती. मात्र त्याच गुपितामुळे बोस्टनमध्ये जागा बदलून मागण्याचा मार्ग त्यांना बंद होता.

१९६७ मध्ये एनएचएलमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली, तरीही तिशी ओलांडलेल्या ओरी यांना पुन्हा संधी मिळाली नाही. १९७४ मध्ये वेस्टर्न लीग बंद पडली. त्याच वर्षी माइक मार्सन हे वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून एनएचएलमध्ये उतरले. ओरी यांच्यानंतर या स्पर्धेत दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू येण्यास तेरा वर्षे लागली होती. ओरी यांनी १९७८-७९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सॅन दिएगो हॉक्सकडून अखेरचा हंगाम खेळला.

निवृत्तीनंतर त्यांनी सॅन दिएगोनजीकच्या एका हॉटेलात सुरक्षा विभागात नोकरी केली. १९९० च्या दशकात एनएचएलने त्यांच्याकडे वंचित व अल्पसंख्याक समाजांतील मुलांना खेळाकडे आणण्याचे काम सोपवले. या कार्यासाठीच २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. तो खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाच्या उभारणीस हातभार लावणाऱ्यांच्या गटात. १८ जानेवारी २०२२ रोजी, पदार्पणास ६४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, बोस्टन ब्रुइन्सने त्यांचा २२ क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना देण्याच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्या वेळी ओरी ८६ वर्षांचे होते.