व्हॅन गॉगचं ‘ते’ चित्र विकत घेणारी ॲना बॉख नेमकी कोण होती?

‘व्हॅन गॉगचं जिवंतपणी फक्त एकच चित्र विकलं गेलं’ ही ओळ तुम्ही सोशल मीडियावर नक्की वाचली असेल. पण ते चित्र घेतलं कोणी? उत्तर आहे, बेल्जियमची ॲना बॉख.

ॲनाचा जन्म १८४८ चा. घरचा व्यवसाय चिनीमातीच्या भांड्यांचा. ‘व्हिलरॉय अँड बॉख’ हा ब्रँड ऐकलाय ना? त्यातलं ‘बॉख’ म्हणजे हेच घराणं. पैशाला तोटा नव्हता, पण ॲना केवळ श्रीमंत ग्राहक नव्हती. ती स्वतः उत्तम चित्रकार होती. १८८५ मध्ये ती ब्रसेल्सच्या ‘ले व्हँ’ (म्हणजे ‘वीस’) या बंडखोर कलाकारांच्या गटात गेली. या गटातली ती एकमेव स्त्री सदस्य!

१८९० मध्ये या गटाच्या प्रदर्शनात व्हॅन गॉगची चित्रं लागली आणि वाद पेटला. गटातल्याच एका चित्रकाराने त्याच्या शेजारी आपली चित्रं लावायला नकार दिला. ॲनाने मात्र ४०० फ्रँक मोजून ‘लाल द्राक्षमळा’ विकत घेतलं. तिचा भाऊ युजीन हा व्हिन्सेंटचा मित्र. त्याचं व्हिन्सेंटने काढलेलं व्यक्तिचित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिन्सेंट गेला. पुढच्या वर्षी ॲनाने त्याचं आणखी एक चित्र घेतलं.

आता ‘एकच चित्र’ या दाव्याबद्दल. तो तितकासा खरा नाही. १८८२ मध्येच व्हिन्सेंटच्या काकांनी त्याच्याकडून पैसे देऊन रेखाचित्रं काढून घेतली होती. पण ॲनाचं मोठेपण त्या ‘एकमेव’ शब्दावर अवलंबून नाहीच. गोगँ, सेरा, सिन्याक यांची चित्रं तिने घेतली, तेव्हा त्यांची टिंगल करणारेच जास्त होते. कलाकार गेल्यावर त्याच्या चित्राला कोटी मिळतात, पण त्याची चूल पेटते ती हयातीत मिळालेल्या पैशावर. हे तिला कळत होतं.

‘लाल द्राक्षमळा’ तिने पुढे विकलं. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. १९३६ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी ॲनाचं निधन झालं. संग्रहातली चित्रं विकून येणारा पैसा गरीब कलाकार मित्रांच्या म्हातारपणासाठी वापरावा, अशी तजवीज तिने मृत्युपत्रात केली होती.

पुढच्या वेळी ती व्हायरल पोस्ट दिसली, तर कमेंटमध्ये ॲनाचं नाव जरूर लिहा!