टिकलीचा ताळेबंद

मी बी.कॉम., त्यात बँकेत कारकून. आकडा कुठे घटला की लगेच दिसतो. आमच्या घरी घटला तो कुंकवाचा व्यास.

गिरगावच्या चाळीत आजी आधी मेण लावी, मग त्यावर बंद्या रुपयाएवढे कुंकू. आईच्या फडताळात ‘अफगाण स्नो’. पाटणवालांनी १९१९ साली मुंबईतच काढलेला हा माल. पण काबूलहून येतो असे समजून आई तो अत्तरासारखा पुरवी. बायको आली ती टाटांनी १९५२ साली काढलेल्या लॅक्मेची पेटीच घेऊन. आता पंचेचाळिशीत तीही काजळ आणि मोहरीएवढ्या टिकलीवर आली आहे. “जड होतं हो सगळं!” म्हणते.

आजीचे कुंकू मात्र असे हळूहळू घटले नाही. आजोबा गेले त्या दिवशी शेजारणींनी पुसले. खाते बंद. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा थांबवण्याचा ठराव केला, सरकारनेही परिपत्रक काढले. पण परिपत्रक आमच्या चाळीचे जिने चढायला वेळ लावते. पुढच्याच वर्षी बाबा गेले. तेराव्याला बायकोने मुद्दाम एक ठसठशीत टिकली आईच्या कपाळाला लावली. शेजारणी बघत राहिल्या. आईने आरसा मागितला.

“एवढी मोठी नको गं,” ती म्हणाली, “तुझ्यासारखी बारीक आहे का एखादी?”