डीमॉझ : स्वयंसेवी संपादकांचे नियम

संकेतस्थळांची विषयवार सूची माणसांच्या हातून तयार करणारा प्रकल्प. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी 1998 मध्ये अमेरिकेत तो ‘ग्नूहू’ या नावाने सुरू केला. त्याच वर्षी तो नेटस्केपकडे गेला. अधिकृत नाव ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट असले, तरी रूढ झाले ते डीमॉझ.

संपादक होण्यासाठी अर्जदाराने एखादा लहानसा विभाग निवडायचा, त्यात बसतील अशी दोन-तीन संकेतस्थळे नमुन्यादाखल सुचवायची आणि स्वतःचे हितसंबंध असलेली स्थळे उघड करायची.

नियमांचा खरा कस वर्णनात लागे. शीर्षक म्हणजे स्थळाचे अधिकृत नाव. त्याला जाहिरातीची शेपूट जोडायची नाही. ‘शहरातील सर्वोत्तम, सर्वांत स्वस्त सायकली! आजच भेट द्या!’ असे मालकाने लिहून पाठवले, तर संपादक त्याचे ‘नव्या व जुन्या सायकलींची विक्री आणि दुरुस्ती. दरपत्रक व पत्ता’ एवढेच ठेवी. विशेषणे आणि उद्गारचिन्हे सरळ कात्रीत जात.

अर्धवट बांधलेली, दुसऱ्या स्थळाची नुसती नक्कल असलेली किंवा केवळ दलालीच्या दुव्यांवर चालणारी स्थळे नाकारली जात. इंग्रजीखेरीज इतर भाषांतील स्थळे ‘वर्ल्ड’ शाखेत त्या त्या भाषेखाली जात. मराठीलाही तिथे जागा होती.

नोंदीसाठी पैसे घेण्यास सक्त मनाई होती. गूगलच्या सूचीतही हीच माहिती वापरली जाई, त्यामुळे इथल्या एका ओळीला बाजारात भाव होता आणि पक्षपाताच्या तक्रारीही होत. प्रलंबित अर्जांचा ढीग ही दुसरी जुनी तक्रार, आणि ती रास्तच होती.

मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद झाले. त्याच्या संपादकांनी ‘कर्ली’ या नावाने काम पुढे चालू ठेवले.